विष तयार करणाऱ्या जीवाणूच्या जीनोममध्ये विषाणूची जनुकं कशी शोधायची?

घटसर्पाचा जीवाणू जे विष सोडतो, त्याचं जनुक मुळात जीवाणूचं नाही, एका विषाणूचं आहे. १९५१ साली व्हिक्टर फ्रीमन यांनी दाखवलं की विष न करणाऱ्या घटसर्प-जीवाणूला ठरावीक फेजची, म्हणजे जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूची, लागण झाली की तोच जीवाणू विष करू लागतो. कॉलराचंही तसंच. ई. कोलाय ओ१५७ या आतड्याला आजारी पाडणाऱ्या जीवाणूची गोष्टही तीच.

हे वाचून मी मोठ्या उत्साहाने कामाला लागले. वाटलं होतं, जीनोम उतरवायचा, एका साधनात टाकायचा, विषाणूचा भाग रंगवून मिळेल. रंगीत चित्र मिळालं, पण त्यातलं निम्मं मी चुकीचं वाचलं, आणि ते कळायला दीड महिना गेला. कुठे अडते ते मला कोणी आधी सांगितलं असतं तर ते काम आठवड्याचं होतं. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हा लेख.

हे सगळं काम संगणकावरचं आहे. यासाठी जीवाणू वाढवायची अजिबात गरज नाही. सार्वजनिक जीनोममध्येच शिकण्यासारखं भरपूर आहे.

सुरू करण्याआधी: थोडी ओळख

काही फेज जीवाणूत शिरले की त्याला लगेच फोडत नाहीत. ते आपला डीएनए जीवाणूच्या डीएनएत बसवून गप्प राहतात. अशा बसलेल्या फेजला प्रोफेज म्हणतात. जीवाणू दुभंगला की प्रोफेजची प्रतही आपोआप पुढच्या पिढीत जाते. जीवाणूवर संकट आलं, विशेषतः त्याच्या डीएनएला इजा झाली, की प्रोफेज जागा होतो, बाहेर पडतो, आपल्या प्रती काढतो आणि जाताना बहुतेक वेळा जीवाणूला फोडून जातो.

प्रोफेज हा जीवाणूच्या घरातला भाडेकरू, तर विषाचं जनुक हे त्या भाडेकरूकडचं पोटभाडेकरू. फेजला जगायला त्या जनुकाची गरज नसते. अशा जास्तीच्या जनुकांना या क्षेत्रात ‘मोरॉन’ म्हणतात. हे चित्र डोक्यात पक्कं ठेवा, कारण पुढचा सगळा शोध ‘कोण कुणाच्या घरात राहतं’ याचाच आहे.

काय काय लागेल

- साधा लॅपटॉप. एकदोन जीनोमसाठी सर्व्हर लागत नाही.
- जीनोमची फास्टा फाइल आणि तिच्या सोबतची जेनबँक फाइल. फास्टात नुसती अक्षरं असतात, तर जेनबँकमध्ये जनुकांची नावं आणि जागा. दोन्ही हव्यात.
- विषाच्या प्रथिनाचा क्रम, फास्टा स्वरूपात.
- ब्लास्ट, म्हणजे दोन क्रमांमधलं साम्य शोधणारं साधन. एनसीबीआय या अमेरिकेतल्या सार्वजनिक जैवमाहिती केंद्राच्या संकेतस्थळावरचं चालेल.
- प्रोफेज शोधणारी दोन साधनं. मी फास्टेस्ट आणि जीनोमॅड वापरते. फास्टेस्ट ब्राउझरमध्ये चालतं. जीनोमॅड आपल्या संगणकावर बसवावं लागतं. मेमरी कमी असेल तर त्यात डेटाबेसचे तुकडे करून चालवायची सोय आहे.
- चेकव्ही, सापडलेला तुकडा कितपत पूर्ण आहे हे पाहायला.
- फारोक्का किंवा बाक्ता. फेजच्या जनुकांना नावं द्यायला फारोक्का, जीवाणूच्या जनुकांना बाक्ता.
- आर्टेमिस किंवा प्रोक्सी, म्हणजे जीनोम नकाशासारखा उघडून पाहायची सोय.
- एक वही. खरी, कागदाची. का ते पाचव्या पायरीत कळेल.

जीनोम तुमच्या प्रयोगशाळेचा असेल आणि अजून प्रसिद्ध झालेला नसेल, तर तो कुठल्याही संकेतस्थळावर चढवण्याआधी मार्गदर्शकांना विचारा. नमुना रुग्णाचा असेल तर फाइलच्या नावात आणि आतल्या शीर्षओळीत रुग्णाची ओळख पटेल असं काही राहिलं नाही ना, हेही पाहा.

१. आधी उत्तर माहीत असलेला जीनोम घ्या

आपला नवा जीनोम लगेच साधनात टाकायचा मोह आवरा. ज्याचं उत्तर छापून आलेलं आहे अशा जीनोमवर हात बसवा. माझ्या मते हे तीन पुरेत:

घटसर्प-जीवाणूची एनसीटीसी १३१२९ ही स्ट्रेन, म्हणजे वाण. जीनोम जेमतेम २५ लाख अक्षरांचा, त्यात सुमारे ३६ हजार अक्षरांचा प्रोफेज आणि त्याच्या टोकाशी टॉक्स, म्हणजे घटसर्पाच्या विषाचं जनुक. पहिल्या दिवसासाठी हा उत्तम.

कॉलराच्या जीवाणूची एन१६९६१ ही स्ट्रेन, २००० साली प्रसिद्ध झालेली. हिला दोन गुणसूत्रं आहेत. कॉलराच्या विषाची जनुकं वाहणारा सीटीएक्स फेज मोठ्या गुणसूत्रावर आहे.

ई. कोलाय ओ१५७ची साकाई स्ट्रेन. १९९६ साली जपानमधल्या साकाई शहरात मोठी साथ आली होती, तिथली. २००१ साली जीनोम प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात १८ प्रोफेज आणि प्रोफेजसारखे आणखी ६ भाग मोजले गेले. हा शेवटी घ्या.

यांच्यासोबत विष न करणारा एक जीनोमही हवा. ई. कोलाय के-१२ची एमजी१६५५ स्ट्रेन उतरवून ठेवा. तिच्यातही झोपलेले, मोडके असे नऊ प्रोफेज आहेत, पण विष एकातही नाही. ‘प्रोफेज आहे म्हणजे विष आहे’ हा गैरसमज तिथेच संपतो.

२. जीनोम पूर्ण उतरवा

ही पायरी सोपी म्हणून लोक उरकतात आणि इथेच फसतात.

एनसीबीआयवरून उतरवताना एका क्रमाची नोंद उतरवू नका, पूर्ण असेंब्लीची, म्हणजे तुकडे जोडून तयार केलेल्या अख्ख्या जीनोमची, उतरवा. एका नोंदीत अनेकदा एकच गुणसूत्र येतं. कॉलराचं दुसरं गुणसूत्र राहून जातं, प्लाझ्मिड, म्हणजे गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे छोटे तुकडे, राहून जातात. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या बोट्युलिझमच्या जीवाणूमध्ये तर यामुळे अख्खं उत्तर हातचं जातं. त्याच्या सी आणि डी प्रकारच्या विषाचं जनुक फेजवर असतं, पण तो फेज गुणसूत्रात बसतच नाही. तो प्लाझ्मिडसारखा वेगळा, गोल होऊन राहतो. सी प्रकारच्या एका स्ट्रेनमधला असा फेज सुमारे १ लाख ८६ हजार अक्षरांचा निघाला. गुणसूत्र कितीही चाळलंत तरी तो तिथे सापडणार नाही.

मग असेंब्ली कशी झाली आहे ते पाहा. ‘पूर्ण जीनोम’ लिहिलेलं असेल तर निर्धास्त राहा. शेदोनशे कॉन्टिग, म्हणजे एकमेकांना न जोडले गेलेले तुकडे, असतील तर सावध व्हा.

माझी मोठी चूक इथलीच. माझ्याकडे ओ१५७च्या गोतावळ्यातला, आखूड रीड, म्हणजे यंत्राने एका वेळी वाचलेले डीएनएचे तुकडे, जोडून केलेला जीनोम होता. शिगा विषाचं, म्हणजे ओ१५७च्या विषाचं, जनुक सापडलं, पण जेमतेम चार हजार अक्षरांच्या कॉन्टिगवर. आजूबाजूला फेजचं काही नाही. मी लिहून मोकळी झाले की ‘इथे विष प्रोफेजवर नाही’. ते साफ चूक होतं. या जीवाणूत लॅम्डा या ई. कोलायच्या प्रसिद्ध फेजच्या जातकुळीतले प्रोफेज एकापेक्षा जास्त असतात आणि त्यांचे लांबलचक पट्टे एकमेकांशी अक्षरशः जुळतात. आखूड रीड त्या पट्ट्यात कुठून आला हे असेंब्लीच्या प्रोग्रामला ठरवता येत नाही, म्हणून तो कॉन्टिग तिथेच तोडतो. जनुक एकटं पडलेलं नव्हतं, असेंब्लीने त्याला शेजाऱ्यांपासून तोडलं होतं. लांब रीडने जीनोम पुन्हा वाचला तेव्हा तेच जनुक व्यवस्थित प्रोफेजच्या पोटात दिसलं.

म्हणून कॉन्टिगच्या टोकाजवळ सापडलेल्या जनुकाबद्दल कुठलाही निष्कर्ष काढू नका. ‘शेजार तुटलेला आहे’ एवढंच लिहा आणि लांब रीडची सोय होते का ते बघा.

३. आधी विष शोधा, मग फेज

बहुतेक जण उलट करतात. आधी सगळे प्रोफेज काढतात आणि मग त्यात विष शोधत बसतात. विष फेजबाहेर असेल तर असा शोध आंधळा ठरतो.

विषाच्या प्रथिनाचा क्रम घ्या आणि तो पूर्ण जीनोमच्या डीएनएवर शोधा. ब्लास्टच्या ज्या प्रकारात प्रथिन देऊन डीएनए सहाही वाचनचौकटींत, म्हणजे अक्षरं तीन-तीन करून वाचायच्या सहाही पद्धतींनी, चाळला जातो, तो वापरा. जेनबँक फाइलमधल्या नावांवर भरवसा ठेवू नका, कारण जनुक एका अक्षराने मोडलं असेल तर नाव देणारा प्रोग्राम ते कधीकधी गाळून टाकतो.

सापडलं की जनुक सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड वाचलं जातं का ते पाहा. घटसर्पात असे जीवाणू सापडतात ज्यांच्यात टॉक्स जनुक आहे, पण ते मध्येच मोडलेलं असल्यामुळे विष तयार होत नाही. ‘जनुक आहे’ आणि ‘विष होतं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. जीनोम पाहून आपण पहिलंच लिहू शकतो.

या पायरीवरचे दोन सापळे.

पहिला: फाइलमध्ये ‘टॉक्सिन’ हा शब्द शोधून यादी करणं. त्यात भरमसाट नावं येतात, पण त्यातली बरीच ‘टॉक्सिन-अँटिटॉक्सिन’ जोड्यांमधली असतात. त्या जोड्या जीवाणूच्या स्वतःच्या पेशीतल्या कारभाराच्या आहेत. माणसाला आजारी पाडणाऱ्या विषाशी त्यांचा संबंध नाही.

दुसरा: ‘झॉट’. हे नाव एका विषाचं म्हणून दिलं गेलं आणि आजही फाइलींमध्ये तसंच येतं. कॉलराच्या सीटीएक्स फेजमध्ये झॉटचं मुख्य काम फेजचा कण बांधून बाहेर काढणं हे आहे. धाग्यासारख्या फेजमध्ये या जातीचं प्रथिन असतंच. त्यामुळे कुठल्याही जीवाणूत झॉट दिसलं तर पहिला विचार ‘इथे धाग्यासारखा फेज असावा’ असा करा.

४. प्रोफेज शोधणारी दोन साधनं चालवा

दोन म्हणते कारण ती वेगळ्या पद्धतीने विचार करतात. फास्टेस्ट आणि त्याच्या आधीचं फास्टर हे ओळखीच्या फेज-प्रथिनांशी साम्य शोधतात आणि दाटीने आलेली जनुकं एका भागात गोळा करतात. जीनोमॅड जनुकांच्या खुणा आणि डीएनएच्या क्रमाची ठेवण दोन्ही पाहतं, आणि प्लाझ्मिडही वेगळे काढून देतं. एका साधनाला जो फेज दिसत नाही तो अनेकदा दुसऱ्याला दिसतो.

फास्टरच्या अहवालात प्रत्येक भागाला गुण असतात. ९०च्या वर ‘अखंड’, ७० ते ९० ‘शंकास्पद’, ७०च्या खाली ‘अपूर्ण’. नवशिका माणूस हिरवा रंग बघून ‘अखंड’ला जिवंत फेज समजतो. हे गुण जनुकं किती आणि कोणती आहेत यावरून दिलेले असतात. तो फेज बाहेर पडू शकतो का, हे त्यात कुठेच मोजलेलं नसतं.

दोन्ही अहवालांतल्या भागांच्या सुरुवात-शेवटाच्या जागा एका तक्त्यात शेजारी शेजारी लिहा आणि विषाच्या जनुकाची जागा तिसऱ्या रकान्यात. जनुक कुठल्या भागात पडतं ते दिसेल. टोकांचे आकडे दोन साधनांत जुळणार नाहीत. त्याने घाबरू नका, टोकं आपण सहाव्या पायरीत हाताने शोधणार आहोत.

५. शेजार वाचा

खरं काम इथे आहे. साधनं फक्त गल्ली दाखवतात, घरोघरी आपल्यालाच जावं लागतं.

विषाच्या जनुकाच्या दोन्ही बाजूंची तीस-चाळीस हजार अक्षरं आर्टेमिसमध्ये उघडा, आणि प्रत्येक जनुकाचं नाव वहीत एका ओळीत उतरवा. हाताने लिहिताना क्रम डोक्यात बसतो. पडद्यावर नुसतं सरकवत गेलं की बसत नाही. मी आजही असंच करते.

साकाई स्ट्रेनमधल्या एसपी५ या प्रोफेजचं उदाहरण घेऊ. शिगा विष-२ याच प्रोफेजवर आहे. एका टोकापासून निघालं तर साधारण असा क्रम लागतो. पहिल्यांदा इंटिग्रेज, म्हणजे फेजचा डीएनए जीवाणूच्या डीएनएत बसवणारं प्रथिन. मग डीएनए जोडणी-पुनर्जोडणीची जनुकं. मग सीआय, हा फेजला झोपवून ठेवणारा पहारेकरी, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून क्रो. पुढे ओ आणि पी, डीएनएच्या प्रती काढणारी. मग क्यू. क्यूच्या पुढे टीआरएनएची, म्हणजे प्रथिन बांधताना अमिनो आम्लं आणून देणाऱ्या रेणूंची, तीन छोटी जनुकं. आणि त्यांना लागूनच शिगा विषाची दोन: ए उपघटकाचं सुमारे ९६० अक्षरांचं, बी उपघटकाचं सुमारे २७० अक्षरांचं. त्यानंतर एक मोठं जनुक, मग पेशी फोडणारी एस आणि आर, मग डीएनए फेजच्या डोक्यात भरणारं टर्मिनेज, मग डोकं, शेपूट, आणि दुसरं टोक. तुमच्या फाइलमध्ये हे सगळं उलट दिशेने दिसू शकेल, ते चालतं.

आता क्यू, विष आणि एस-आर या तिघांचा क्रम पुन्हा पाहा. क्यूचं काम फेज जागा झाल्यावर सुरू होतं. ते आलं की वाचनयंत्रणा थांब्याच्या खुणा ओलांडून पुढे धावते. पुढे पहिलं विष लागतं आणि मग पेशी फोडणारी जनुकं. म्हणजे फेज जागा झाला की विष भराभर तयार होतं आणि पाठोपाठ पेशी फुटून ते बाहेर पडतं. विष कधी तयार व्हायचं आणि कसं बाहेर पडायचं, दोन्ही फेजच्या हातात आहे. डीएनएला इजा करणारी काही प्रतिजैविकं प्रयोगशाळेत या जीवाणूला दिली की विष वाढलेलं दिसतं, त्याचं कारण या क्रमात आहे. नुसतं ‘विष प्रोफेजमध्ये आहे’ असं लिहिलं असतं तर यातलं काहीच कळलं नसतं.

मग कॉलराचा शेजार वाचा, आणि फरक बघा. सीटीएक्स फेज लहान आहे, सुमारे सात हजार अक्षरांचा. इथे क्यू नाही, पेशी फोडणारी जनुकं नाहीत, आणि मुख्य म्हणजे इंटिग्रेजही नाही. हा फेज जीवाणूचीच एक्सईआरसी आणि एक्सईआरडी ही प्रथिनं वापरून गुणसूत्राच्या डिफ नावाच्या जागी बसतो. इंटिग्रेज शोधून प्रोफेज ठरवणारी कुठलीही पद्धत इथे चुकू शकते. विषाची दोन जनुकं झॉटच्या पुढे, फेजच्या एका टोकाला असतात. फेज आणि विष दोन्ही जीवाणूच्याच स्रावयंत्रणेतून बाहेर जातात, त्यासाठी पेशी फुटावी लागत नाही. या विषाचं अस्तित्व शंभूनाथ डे यांनी १९५९ साली कोलकात्यात दाखवलं होतं. ते फेजवर आहे हे वॉल्डोर आणि मेकॅलॅनोस यांनी १९९६ साली सिद्ध केलं. मधली ३७ वर्षं हा शेजार कोणाला वाचता आला नव्हता, आणि आज तो आपल्या पडद्यावर उघडा आहे. मला याचं अजूनही अप्रूप वाटतं.

कॉलराच्या जीनोममध्ये एक पाऊल पुढे टाका. सीटीएक्सच्या अगदी बाजूला आरटीएक्स नावाच्या दुसऱ्या विषाची जनुकं आहेत. विष आहे, प्रोफेजला लागून आहे, पण प्रोफेजचं नाही. शेजारी राहतो म्हणून कोणी घरचा होत नाही. म्हणूनच टोकं नेमकी सापडायला हवीत.

६. टोकं शोधा

फेज बसताना त्याच्या डीएनएतला एक छोटा पट्टा आणि जीवाणूतला तसाच पट्टा जुळतात. बसल्यावर तो पट्टा प्रोफेजच्या दोन्ही टोकांना एकेकदा दिसतो. तो सापडला तर टोकं पक्की.

शोधायच्या दोन युक्त्या आहेत.

पहिली, टीआरएनए बघा. बरेच फेज टीआरएनएच्या जनुकातच बसतात. घटसर्पाचा फेजही टीआरएनएपाशीच बसतो. एका टोकाला अख्खं टीआरएनए आणि दुसऱ्या टोकाला त्याचा शेवटचा तुकडा परत दिसला, तर काम झालं.

दुसरी युक्ती मला जास्त आवडते. फेज नसलेला जवळचा नातलग घ्या आणि तोच भाग शेजारी मांडा. एमजी१६५५मध्ये डब्ल्यूआरबीए हे जनुक अखंड आहे. साकाईमध्ये त्याचा एक तुकडा एसपी५च्या या बाजूला आणि दुसरा त्या बाजूला. मधला सगळा भाग आगंतुक. इतकं स्वच्छ उत्तर जीवशास्त्रात क्वचित मिळतं.

यातून कधीकधी आणखी एक गोष्ट हाती लागते. स्टॅफिलोकोकस ऑरियस या जीवाणूमध्ये एका जातीचे फेज एचएलबी या जनुकात बसतात. ते जनुक बीटा-हिमोलायसिन या विषाचं आहे. म्हणजे फेज आला की एक विष जातं, आणि फेजसोबत शरीराच्या प्रतिकाराला चुकवणारी दुसरी जनुकं येतात. एनसीटीसी ८३२५ या स्ट्रेनमध्ये हे बघता येतं. तुमच्या तक्त्यात ‘फेजने काय आणलं’ असा रकाना असेलच. त्याच्या शेजारी ‘फेजने काय मोडलं’ हाही असू द्या.

७. जिवंत आहे की मोडका?

प्रोफेजचा तुकडा चेकव्हीत घाला. तो टोकाला राहिलेली जीवाणूची जनुकं कापतो आणि तुकडा कितपत पूर्ण आहे याचा अंदाज देतो. ९० टक्क्यांच्या वर उच्च दर्जा, ५० ते ९० मध्यम, त्याखाली कमी. मग स्वतः बघा: इंटिग्रेज, टर्मिनेज, डोकं, शेपूट, पेशी फोडणारी जनुकं. एखादं गायब आहे का? कुठे ट्रान्सपोझेजचं, म्हणजे जागा बदलत फिरणारं, जनुक घुसून दुसरं जनुक तुटलंय का?

मूळ रीड हाताशी असतील तर आणखी एक चाचणी करता येते. प्रोफेजच्या भागावर पडलेल्या रीडची संख्या त्याच्या लगतच्या जीवाणूच्या भागाशी ताडून पाहा. ती ठळकपणे जास्त असेल, आणि काही रीड प्रोफेजची दोन टोकं थेट जोडत असतील, तर फेज बाहेर पडून गोल झाला होता. तुलना लगतच्याच भागाशी करा. जोमाने वाढणाऱ्या जीवाणूत गुणसूत्राची प्रत काढणं जिथून सुरू होतं त्या बाजूला रीड मुळातच जास्त असतात.

‘मोडका’ लिहितानाही जपून. साकाईतले बरेच प्रोफेज जनुकं पाहून मोडके ठरवले होते. पुढे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यातले काही बाहेर पडताना आणि कणात भरले जाताना दिसले. एकाच पेशीत इतके भाऊबंद असल्यावर एकाचं तुटलेलं काम दुसरा भागवू शकतो.

८. फेजसारखं दिसणारं सगळं फेज नसतं

स्टॅफिलोकोकसचं टीएसएसटी-१ हे विष एका बेटावर असतं. बेट म्हणजे बाहेरून आलेला, सुमारे पंधरा हजार अक्षरांचा जनुकांचा गट. त्याच्याकडे इंटिग्रेज आहे, पण स्वतःचं डोकं किंवा शेपूट नाही. मदतीला आलेल्या फेजची डोकी वापरून ते दुसऱ्या पेशीत जातं. साधनाने त्याला ‘अपूर्ण प्रोफेज’ म्हटलं तर ते खोडा आणि बेट लिहा.

स्युडोमोनास या जीवाणूमध्ये पायोसिन नावाच्या नुसत्या शेपट्या असतात. डोकं नाही, आत डीएनए नाही. शत्रू-जीवाणूला मारायचं हत्यार म्हणून पेशी त्या वापरते. साधनं त्यांनाही प्रोफेज म्हणतात.

धनुर्वाताचं विष प्लाझ्मिडवर असतं. अँथ्रॅक्सचंही प्लाझ्मिडवर, आणि गंमत अशी की अँथ्रॅक्सच्या गुणसूत्रावर चार प्रोफेज आहेत, पण विषाशी त्यांचा काही संबंध नाही. डांग्या खोकल्याचं विष जीवाणूच्या गुणसूत्रावर. आणि टॉक्स जनुकही दर वेळी फेजवर असेलच असं नाही. घटसर्पाच्या नात्यातल्या कोरायनीबॅक्टेरियम अल्सरन्सच्या काही स्ट्रेनमध्ये ते वेगळ्या बेटावर सापडलं आहे. त्यामुळे एका स्ट्रेनचं उत्तर दुसरीला लावू नका. प्रत्येक वेळी शेजार पुन्हा वाचा.

९. नोंद कशी ठेवायची

प्रत्येक प्रोफेजसाठी एक पान. त्यावर हे असू द्या:

- जीनोमचा नोंदणी क्रमांक, आवृत्तीच्या आकड्यासकट. आवृत्ती बदलली की जागांचे आकडे सरकतात.
- साधनाचं नाव, आवृत्ती, डेटाबेसची तारीख.
- दोन्ही टोकांच्या जागा आणि त्या कशावरून ठरवल्या: टीआरएनए, नातलगाशी तुलना, की नुसता साधनाचा अंदाज.
- विषाचं जनुक अखंड आहे का, आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पाच-पाच जनुकं नावानिशी.
- विषावर ताबा कोणाचा. ओ१५७मधल्या शिगा विष-२वर फेजच्या क्यूचा, तर घटसर्पात जीवाणूच्या स्वतःच्या डीटीएक्सआरचा. लोह भरपूर असेल तर डीटीएक्सआर फेजवरचं टॉक्स जनुक बंद ठेवतं. त्यामुळे घटसर्पाचा जीनोम असेल तर प्रोफेजच्या बाहेर जाऊन डीटीएक्सआर अखंड आहे का तेही याच पानावर लिहा.
- न उलगडलेलं काय राहिलं. अनोळखी प्रथिनं, तुटलेले कॉन्टिग, दोन साधनांमधला न मिटलेला फरक.

शेवटचा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. मी माझ्या पहिल्या जीनोमच्या वेळी त्यात ‘शिगा जनुक चार हजारांच्या कॉन्टिगवर, शेजार तुटलेला’ एवढं लिहिलं असतं, तर लांब रीडची मागणी दीड महिना आधी गेली असती.